दंडावरचं बटण

उत्कर्षा तिसरीत असताना तिला डायबेटिस झाल्याचं कळलं. त्याआधी काही दिवस ती पाण्याच्या बाटल्यांवर बाटल्या रिकाम्या करत होती, वर्गातून सारखी लघवीला पळत होती आणि पोटभर जेवूनही वाळत चालली होती. ऊन कडक आहे, पोर दमते, असं म्हणून घरच्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. मग एका सकाळी तिला अंथरुणातून उठताच येईना. दवाखान्यातून ती घरी आली ती इन्शुलिनची पेनं, सुया आणि बोटाला टोचून साखर मोजायचं मशीन घेऊन. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की हा वयस्कर माणसांना होतो तसला डायबेटिस नाही. यात शरीर इन्शुलिन बनवायचंच थांबवतं. गोळ्यांनी भागत नाही, इंजेक्शन रोज घ्यावं लागतं, आणि ते घेऊन मूल इतर कुठल्याही मुलासारखं वाढू शकतं.

हे शेवटचं वाक्य उत्कर्षाच्या आईने, तनुजाने, ऐकलं होतं. पण तिचा त्यावर विश्वास बसला नव्हता.

तनुजा वारज्यातल्या एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. हायवेच्या सर्व्हिस रोडवर भीत भीत पहिला गिअर टाकणाऱ्या कितीतरी बायकांना तिने गाडी शिकवली होती. आवाज न चढवता शिकवते म्हणून तिच्याकडे बायका रांग लावून यायच्या. उत्कर्षाचं कळल्यावर तिने ते काम सोडलं आणि शाळेच्या फाटकाजवळच्या सिमेंटच्या बाकावर जाऊन बसायला लागली. शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत ती तिथेच असायची. मधल्या सुट्टीत आत जायची, मुलीला एका कोपऱ्यात घ्यायची, बोट टोचायची, आकडा बघून इन्शुलिन द्यायची, डबा समोर बसून संपवायला लावायची. तोवर सुट्टी संपलेली असायची. उत्कर्षाला सुईचं काही वाटत नसे. तिला वाईट वाटायचं ते सुट्टीचं. बाकीच्या पोरी लंगडी खेळून घामाघूम होऊन वर्गात यायच्या आणि ती कोरडी ठणठणीत.

वर्षभराने डॉक्टरांनी सेन्सरचं सुचवलं. दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायची एक पांढरी चकती, मोठ्या नाण्याएवढी. तिच्यातून केसासारखी बारीक तार कातडीखाली जाते आणि साखरेचा आकडा थोड्या थोड्या वेळाने मोबाइलवर येत राहतो. आकड्याशेजारी एक बाण असतो. साखर चढत असेल तर वर, उतरत असेल तर खाली, आणि सगळं ठीक असेल तर आडवा. मुलीच्या मोबाइलवर आलेला आकडा इंटरनेटवरून आईच्या मोबाइलवरही दिसतो. साखर फार खाली गेली की दोन्ही मोबाइल वाजतात.

तनुजाची सासू मैनाबाई हिने त्या चकतीला पहिल्या दिवशीच बटण म्हणायला सुरुवात केली. आंघोळीत हे बटण निघेल का, झोपेत टोचेल का, वीज कडाडली तर काही होईल का, असे तिचे बरेच प्रश्न होते. पण आठवड्याभरात तिला बाणाची भाषा इतकी पक्की कळली की ती शेजारणीला अंगणातून ओरडून सांगू लागली, "आमच्या उत्कर्षाचा बाण आडवा हाय आज." शेजारीण बिचारी मान डोलवायची.

अडचण शाळेत आली. शाळेत मोबाइल आणायला बंदी होती. मुख्याध्यापक यज्ञेश्वर सर शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आपल्याला सहानुभूती आहे, पण एकीला परवानगी दिली की उद्या चाळीस मोबाइल येतील, असं सांगितलं. त्या वेळी उत्कर्षाच्या वर्गशिक्षिका पद्मजा मॅडम तिथेच उभ्या होत्या. त्या निवृत्तीला आलेल्या, जुन्या पुण्यातल्या, बोलणं मोजकं आणि तिरकं. मुलं त्यांना घाबरत आणि तरीही त्यांच्याच वर्गात बसायचा हट्ट करत.

"सर," त्या म्हणाल्या, "वर्गातल्या आमोदच्या कानात ऐकायचं मशीन आहे. ते आपण रोज सकाळी ऑफिसात जमा करून घेतो का?"

यज्ञेश्वर सरांनी परवानगी दिली. अट एवढीच, की मोबाइल उत्कर्षाच्या कमरेच्या पाऊचमध्ये राहील आणि त्यात दुसरं काहीही उघडणार नाही.

पद्मजा मॅडमनी तनुजाकडून एका दुपारी सगळं शिकून घेतलं. आकडा सत्तरच्या खाली गेला तर काय द्यायचं, किती वेळ थांबायचं, पुन्हा कधी बघायचं, काय झालं तर डॉक्टरांना फोन करायचा, हे त्यांनी दोन-दोनदा विचारलं. सेन्सरचा आकडा कधीकधी जरा मागे असतो म्हणून शंका आली की बोटही टोचून बघायचं, हेही त्यांनी करून बघितलं. उत्कर्षाने पहिल्यांदा मॅडमचंच बोट टोचलं. मॅडमचा चेहरा हलला नाही. आकडा बघून त्या इतकंच म्हणाल्या की आज चहात साखर जास्त पडली असावी.

वर्गाने तर त्या बटणाला डोक्यावर घेतलं. उत्कर्षाने पहिल्या दिवशी थाप मारली होती की ही चार्जिंगची जागा आहे आणि आपण आतून रोबोट आहोत. तिची बाकावरची शेजारीण ओवी हे दोन दिवस खरं धरून चालली होती. खरं कळल्यावर ओवीने बाणाची जबाबदारी स्वतःकडे घेतली. गणिताच्या तासाला मॅडमनी उत्कर्षाच्या सकाळच्या साखरेचा आलेख फळ्यावर काढला आणि डोंगर कुठे आहे, दरी कुठे आहे, डबा कधी खाल्ला असेल, ते मुलांकडून ओळखून घेतलं. उत्कर्षा त्या दिवशी घरी आली ती अभिमानाने फुगूनच. तिची साखर आख्ख्या वर्गाने वहीत उतरवून घेतली होती.

डब्याआधीचं इन्शुलिन ती आता मॅडमसमोर स्वतःच घेऊ लागली, आणि मधली सुट्टी तिला परत मिळाली. ती लंगडी खेळली, पडली, गुडघा फोडून आली आणि फार खूश होती.

तनुजा बाकावरून उठून घरी आली खरी, पण तिच्या जिवाला चैन नव्हतं. मोबाइल तिच्या हातातून सुटेना. भाजी चिरताना तो ओट्यावर, कपडे वाळत घालताना कमरेला खोचलेला. आकडा जरा वर गेला की ती शाळेत फोन लावायची. पद्मजा मॅडमनी काही दिवस फोन घेतले. मग एकदा त्या म्हणाल्या, "अहो तनुजाताई, तुमच्या मुलीने आत्ता पोळीभाजी खाल्ली. साखर वर नाही जाणार तर कुठे जाणार?"

तनुजाला ते लागलं, पण तिने फोन कमी केले नाहीत. फक्त मॅडमऐवजी ऑफिसात करायला लागली. नवरा विश्वजीत तिला समजावून दमला. त्याचं बांधकामाच्या साहित्याचं दुकान होतं, दिवसभर तो गिऱ्हाइकांत अडकलेला असे, आणि दुपारी जेवायला आला की बायको ताटाकडे न बघता मोबाइलकडे बघते आहे हे त्याला दिसे.

एकदा शाळा सुटल्यावर उत्कर्षा धावत फाटकाबाहेर आली. तिला काहीतरी सांगायचं होतं, हातात रंगवलेला कागद होता. तनुजा म्हणाली, "एकशे सत्तर कशामुळे गं? काय खाल्लंस?"

उत्कर्षा थांबली. कागदाची घडी घालून तिने ती दप्तरात टाकली. घरी दारात चपला काढताना म्हणाली, "मम्मी, तू आधी माझ्या आकड्याला भेटतेस. मग मला."

तनुजाने लेकीला जवळ घेतलं आणि त्या कागदावर काय काढलंय ते विचारलं, पण तोवर उत्कर्षाचा सांगायचा उत्साह गेला होता.

डिसेंबरात पाचवीची सहल कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जायची ठरली. तनुजाने मॅडमना सोबत येऊ का म्हणून विचारलं. मॅडम म्हणाल्या की पालकांना नेत नाही. एकीला नेलं की सगळ्या येतात, आणि मुलांपेक्षा आयांना सांभाळणं जास्त अवघड असतं. शिवाय सहलीत आपण फोन उचलत नाही, तेही त्यांनी आधीच सांगून ठेवलं.

चालणं पुष्कळ होणार होतं, म्हणून डॉक्टरांना विचारून सकाळचं इन्शुलिन थोडं कमी केलं. पाऊचमध्ये मोबाइल, पाठीवरच्या सॅकमध्ये ज्यूसचे डबे, ग्लुकोजची पावडर, बिस्किटं, इन्शुलिनचं पेन, बोट टोचायचं मशीन. मैनाबाईने वरून दोन शेंगदाण्याचे लाडू कोंबले. बस निघाली तेव्हा उत्कर्षा खिडकीतून हात हलवायलाही विसरली, कारण ओवीने तिच्यासाठी शेवटची सीट पकडून ठेवली होती.

सकाळभर सगळं सुरळीत होतं. तनुजा मेथी निवडत बसली होती, मोबाइल शेजारी. एकशे चाळीस, बाण आडवा. एकशे वीस, बाण तिरका खाली. मग एकशे दोन, बाण अजून तिरकाच. आणि मग काहीच नाही. आकड्याच्या जागी नुसती रेघ. तिने मोबाइल बंद करून पुन्हा चालू केला. रेघच. उत्कर्षाच्या मोबाइलला फोन लावला, तो लागेना. मॅडमचा लावला, तोही कव्हरेजच्या बाहेर.

मैनाबाई म्हणाली, "अगं, तिथं रेंज नसंल. मॅडम हाय की संगं."

तनुजाला ते पटत होतं. डोंगराच्या कुशीतली जागा, सहलींची गर्दी, नेटवर्क गेलं असणार. शिवाय लेकीच्या मोबाइलला आकडा बटणाकडून थेट मिळतो, त्याला इंटरनेट लागत नाही, हेही तिला ठाऊक होतं. म्हणजे मुलीला आकडा दिसतच असणार. दिसत नव्हता तो फक्त आईला. एवढं सगळं कळत असूनही तिने मेथी तशीच टाकली, हेल्मेट घातलं आणि स्कूटर काढली.

डावीकडून ओव्हरटेक करायचं नाही, हे तिने शेकडो बायकांना शिकवलं होतं. नवले पुलाच्या उतारावर तिने एका टेम्पोला डावीकडूनच मागे टाकलं. कात्रजला पोचल्यावर फाटकावरच्या रखवालदाराला तिने धापा टाकत सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि तिकीट खिडकी दाखवली. ती रांगेत उभी राहिली. पुढे एक मोठं कुटुंब लहान मुलाचं तिकीट लागतं की नाही यावर चर्चा करत होतं. तनुजाला वाटलं, आपण आता इथेच रडू.

आत गेल्यावर ती निळ्या गणवेशातली मुलं विचारत विचारत निघाली. कोणी सर्पोद्यानाकडे बोट दाखवलं, कोणी तळ्याकडे. शेवटी हरणांच्या कुंपणाजवळ झाडाखाली तिला तो निळा घोळका दिसला, आणि तिचे पाय जागीच थांबले. सगळी मुलं जमिनीवर बसली होती. चाळीस मुलं हरणांसमोर गप्प बसलेली तिने कधी पाहिली नव्हती.

मग मुलांच्या डोक्यांमधून तिला उत्कर्षा दिसली. मधोमध मांडी घालून बसली होती. चेहरा जरा उतरलेला, कपाळावर घाम, तोंडात ज्यूसची स्ट्रॉ. ओवी मोबाइलवर डोळे लावून होती आणि हळू आवाजात बातमी देत होती की बाण अजून खालीच आहे, पण आता तिरका झालाय. एका मुलाने मॅडमना विचारलं की मलाही ज्यूस मिळेल का. मॅडम म्हणाल्या की तो आत्ता ज्यूस नाही, औषध आहे, आणि तुझं औषध तुझ्या पाण्याच्या बाटलीत आहे.

काय घडलं ते तनुजाला नंतर कळलं. साप बघून झाल्यावर मुलं भराभर चालत निघाली होती. पाऊचमधला मोबाइल वाजला. उत्कर्षाने कोणी सांगायची वाट बघितली नाही. हात वर करून म्हणाली की मॅडम, मला थांबावं लागेल. मॅडमनी तिला बोट टोचायला लावलं, आकडा चौसष्ट निघाला. मॅडमनी ज्यूस फोडून दिला आणि अख्ख्या वर्गाला तिथेच खाली बसवलं. एकीला बसायचं आहे म्हणजे सगळ्यांनी बसायचं आहे, इतकं त्या म्हणाल्या होत्या.

झाडाआडून तनुजा बघत राहिली. पुढे धावावं असं तिला फार वाटलं. तेवढ्यात ओवीने बाण आडवा झाल्याचं जाहीर केलं. थोड्या वेळाने आकडा नव्वदच्या वर गेला, आणि सगळ्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. हरणं दचकून दूर पळाली. उत्कर्षाने उठून, नाटकात करतात तसं, कमरेत वाकून सगळ्यांना नमस्कार केला आणि मग बिस्किटाचा पुडा फोडला.

पद्मजा मॅडमची नजर फिरत फिरत झाडाकडे आली. मुलांना बिस्किटं वाटायला सांगून त्या संथपणे चालत तनुजाजवळ आल्या.

"तिकीट काढलंत का?" त्यांनी विचारलं.

तनुजाने मुठीत चुरगळलेलं तिकीट दाखवलं. डोळे भरून वाहत होते. मॅडमनी पर्समधून घडी केलेला रुमाल काढून दिला आणि आवाज खाली आणला.

"तुम्ही आत्ता पुढे गेलात तर तिला वाटेल, काहीतरी मोठं झालं. मोठं काही झालेलं नाही. साखर खाली गेली, तिने ओळखली, वर आणली. मी नुसती शेजारी बसले होते."

तनुजाने मान हलवली.

"आणि आता तिकीट काढलंच आहे, तर वाघ त्या बाजूला आहे," मॅडम म्हणाल्या आणि परत गेल्या.

तनुजा खरंच वाघाकडे गेली. शाळकरी वयानंतर ती इथे एकदाही आली नव्हती. वाटेत तिने नळावर तोंड धुतलं. वाघाच्या खंदकासमोर कठड्याला टेकून उभी राहिली. वाघ सावलीत आडवा पसरला होता, पोट वरखाली होत होतं, शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. ती बघत राहिली. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की मोबाइल पर्समध्ये आहे आणि आपण तो बाहेर काढलेला नाही. मग वाघ उठला. आळस दिला, पाण्याच्या टाकीपर्यंत गेला, आणि एखाद्या जाडजूड काकांनी हळूच घंगाळात बसावं तसा पाण्यात बसला. तनुजा एकटीच मोठ्याने हसली. शेजारच्या बाईने तिच्याकडे वळून बघितलं आणि तीही हसायला लागली.

काही वेळाने मागून गलका आला. वर्ग वाघापाशी पोचला होता. सगळ्यात पुढे उत्कर्षा आणि ओवी.

"मम्मी?" उत्कर्षाचा विश्वास बसेना. "तू कोणाबरोबर आलीस?"

"एकटीच."

"कशाला?"

"वाघ बघायला," तनुजा म्हणाली. "लवकर इकडे ये, तो आंघोळ करतोय."

उत्कर्षाने तिच्याकडे जरा संशयाने बघितलं, पण वाघ पाण्यात होता आणि ते सोडून आईची चौकशी करत बसणं शक्य नव्हतं. ती कठड्याला लटकली. मग मान न वळवताच तिने बातमी दिली की मघाशी मला लो झालं होतं. मी ज्यूस प्यायले, आणि माझ्यामुळे सगळ्यांना हरणं जास्त वेळ बघायला मिळाली. तनुजाने तिच्या घामट केसांवरून हात फिरवला आणि कुठलं हरीण आवडलं ते विचारलं. त्याचं उत्तर बरंच लांबलं. त्यात एक शिंगं मोडलेलं हरीण होतं, आणि ओवीच्या मते ते कायम एकाच पोराकडे बघत होतं.

त्या रविवारी तनुजाने आपल्या मोबाइलमधली एक गोष्ट बदलली. तिने स्वतःच लावून ठेवलेला, प्रत्येक चढउताराला वाजणारा आवाज बंद केला. साखर खरंच फार खाली किंवा फार वर गेली तरच मोबाइल वाजेल, असं ठेवलं. विश्वजीतने ते बघितलं आणि तिच्या ताटात स्वतःच्या हाताने भाकरी वाढली. सोमवारी तिने ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांना फोन केला. ते म्हणाले की तुमची गाडी दुसऱ्या कोणाला जमलेलीच नाही, उद्यापासून या.

नव्या बॅचमधल्या पहिल्या विद्यार्थिनीचं नाव ऐकून तनुजा चकित झाली. शनिवारी अर्धा दिवस शाळा करून पद्मजा मॅडम गाडीपाशी उभ्या होत्या. निवृत्तीनंतर आपण कोणाच्या मागे बसून कुठेही जाणार नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. आता त्यांच्या चेहऱ्यावरचा तो नेहमीचा निर्विकारपणा नव्हता. स्टिअरिंग त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. पहिल्याच वळणावर गाडी तीनदा बंद पडली. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवू लागला तसं त्यांनी वळून तनुजाकडे बघितलं.

"पुढे बघा मॅडम," तनुजा म्हणाली. "माझ्याकडे नका बघू. रस्ता समोर आहे."

मॅडम काहीतरी तिखट बोलणार होत्या, पण क्लच सोडायच्या नादात ते राहून गेलं. गाडी गचके खात सुरू झाली आणि शाळेवरून पुढे निघाली. फाटकाबाहेर वडापावच्या गाडीजवळ उत्कर्षा, ओवी आणि त्यांची सगळी टोळी उभी होती. आपल्या मॅडम गाडी चालवताहेत हे दिसल्यावर पोरं रस्त्याच्या कडेने पळत सुटली. मॅडमनी त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. मान ताठ, नजर समोर, दुसरा गिअर पडला आणि गाडी खरोखरच वेग घेऊ लागली. पोरं मागे राहिली तरी त्यांच्या टाळ्या बराच वेळ ऐकू येत होत्या.